पाच श्लोकांचं माप

इंजिन सुरू होऊन आठ मिनिटं झाली आणि टकटक सुरू झाली.

थंड होतं तोवर काही नव्हतं. रियासतीचे मुन्शी अंबिकाप्रसाद बॉनेटपाशी वाकून ऐकत होते, आमच्या कारखान्याचे मालक दीनानाथबाबू त्यांच्यामागे पान चघळत खुशीत उभे होते, आणि मी मनातल्या मनात रियासतीच्या मोटारखान्यात जाऊन पोचलोसुद्धा होतो. तेवढ्यात तेल तापलं आणि आतून कुणी चमच्यानं वाटी वाजवावी तसा आवाज यायला लागला.

"ये क्या है, पंडित?" मुन्शीजींनी विचारलं. माझं नाव ढुंढिराज, पण सदऱ्याआडून जानवं दिसलं की काशीत माणूस पंडित होतो, मग त्याच्या हातात पळी असो नाहीतर पाना.

"टैपेट है, हुजूर. अभी ठीक हो जाएगा."

"अभी नहीं हुआ न? परसों सवेरे फिर आऊँगा. आवाज़ रही तो गाड़ी कलकत्ते जाएगी, और तुम्हारी नौकरी की बात भी वहीं ख़तम."

ते टांग्यात बसून गेले. दीनानाथबाबूंनी पानाची पिंक टाकली आणि मला एवढंच सांगितलं की परवा ही टकटक ऐकू आली तर मीही टांगा बघावा.

सन एकेचाळीसचा ज्येष्ठ होता. लू अशी वाहत होती की मैदागिनच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. मी मात्र कारखान्याच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. मला एका जागी बसवत नाही, ही माझी जन्माची खोड. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सातव्या वर्षी वेदपाठाला बसवलं आणि एकोणिसाव्या वर्षी स्वतःच उठवलं. बिंदुमाधवशास्त्र्यांचा मुलगा, आणि एक ऋचा धड दमानं म्हणेना. माझं पाठांतर चुकत नसे, पण मी पळत सुटे. पुढची ओळ दिसली की हातातली मला नकोशी व्हायची.

मग मी मोटारीत शिरलो. तिथं घाईला किंमत आहे असं मला वाटायचं. सहा वर्षांत तीन कारखाने झाले, तिन्हीकडून हाकलला गेलो, हा चौथा. घरी तर आनंदच होता. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या गेल्या, आणि मी चरबी-ग्रीस चिवडून, कुणाकुणाच्या हातचं पाणी पिऊन घरी येणार! अण्णांनी मला पंक्तीतून काढलं. माझं पान बाहेर दालानात, जिन्याखाली. माझी बायको कालिंदी ओवळं-सोवळं सांभाळत तिथं येऊन वाढायची आणि पदर सावरत आत निघून जायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. दिवसाउजेडी आमचं बोलणं म्हणजे "भात?" आणि "पुरे."

विश्वेश्वरकाकांची दशाश्वमेधावर छत्री होती. देशावरनं आलेल्या यात्रेकरूंचे संकल्प ते सांगायचे. गंगा दशहरा आठवड्यावर आला होता, गर्दी लोटणार होती, आणि काकांनी छत्रीखाली माझ्यासाठी पाट मांडून ठेवला होता. अण्णांनी मला भिंतीकडे बघत सांगितलं होतं की हे शेवटचं. या कारखान्यातून निघालास की हातातलं लोखंड टाकायचं आणि दशहऱ्यापासून काकांकडे बसायचं. बसायचं! मला त्या शब्दानंच घाम फुटायचा. जन्मभर एका पाटावर बसून तेच ते नाव-गोत्र विचारत राहायचं, यापेक्षा गंगेत उडी बरी, असं मला खरोखर वाटत होतं. रियासतीत मात्र पाच मोटारी होत्या आणि मिस्त्रीची जागा रिकामी होती. या एका इंजिनावर सगळं अडलं होतं.

गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची. इंजिन मी पुरतं उघडून नवं केलं होतं. त्यात हायड्रॉलिक टॅपेट होते, त्या काळी बनारसमध्ये कुणी पाहिलेही नव्हते. टॅपेट म्हणजे अंगठ्याएवढी पोलादी डबी. खालचा दांडा फिरतो, डबीला उचलतो, डबी व्हॉल्व्हला उचलते. साध्या इंजिनात मध्ये जरा फट ठेवावी लागते आणि तीच वाजते. या डबीच्या आत मात्र एक छोटा दट्ट्या असतो, त्याच्याखाली तेल भरतं, आणि तेल परत जाऊ नये म्हणून तळाशी मोहरीहून थोडी मोठी गोळी बसते. तेल धरून ठेवलं की फट नाही आणि आवाज नाही. तेल गळलं की टकटक.

ते तपासायचं कसं, हे कंपनीच्या पुस्तकात होतं. डबी खोलून पेट्रोलनं धुवायची, रॉकेल भरायचं, दट्ट्यावर वजन ठेवायचं आणि तो खाली बसायला किती वेळ लागतो ते बघायचं. चाळीस सेकंद तरी टिकला पाहिजे. दीनानाथबाबूंच्या भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. पण मला घड्याळ कशाला? आमच्या घरात देवीची पाच श्लोकांची स्तुती रोज म्हणतात. दमानं म्हटली की बरोबर चाळीस सेकंद लागतात, हे मी एकदा स्टेशनवरच्या गार्डाच्या घड्याळावर लावून पाहिलं होतं. घरात सगळी मापं अशीच. चहाला एकदा, सुधारसाच्या पाकाला चारदा. मी सोळाच्या सोळा टॅपेट पाच श्लोकांवर तपासले होते आणि सोळाच्या सोळा टिकले होते.

मग ही टकटक कुठून आली?

त्या संध्याकाळी मी इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं, टॅपेट पुन्हा बाहेर काढले. प्रत्येक दट्ट्या त्याच्याच डबीत बसतो, दुसऱ्याच्या डबीत चालत नाही, म्हणून फळीला सोळा भोकं पाडून आकडे घातले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यापासून सुरुवात केली. रॉकेल भर, वजन ठेव, स्तोत्र म्हण. एक टिकला. दोन टिकला. तीन टिकला. अकरा वाजेपर्यंत सगळे सोळा टिकले.

मी वेडा व्हायचा बाकी होतो. रॉकेलला शिव्या दिल्या, तेलाला दिल्या, अमेरिकेला दिल्या. लढाईमुळे कलकत्त्याहून नवा माल महिनामहिना येत नव्हता, त्या लढाईलाही दिल्या. टॅपेट चांगले, मग दोष दांड्यात? व्हॉल्व्हमध्ये? सगळं इंजिन पुन्हा उघडायचं म्हटलं तर आठ दिवस हवेत, आणि माझ्यापाशी एक दुपार नि एक संध्याकाळ होती. इतर मिस्त्री जेवून भट्टीमागच्या सावलीत आडवे झाले. मला भूक नव्हती. मी पत्र्याच्या पडद्याआड तपासणीच्या बाकावर जाऊन तिसऱ्यांदा सुरू केलं.

"अहो."

मी दचकलो. पडद्यापाशी कालिंदी उभी होती. डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेला डबा, उन्हानं चेहरा लालभडक. ती कारखान्यात कधी आली नव्हती.

"तू इथं? अण्णांना कळलं तर?"

"मामंजी झोपलेत. तुम्ही काल रात्री जेवला नाहीत, आज आला नाहीत. काकाजी सकाळी छत्रीसाठी नवी बांबूकाठी घेऊन आले होते, म्हणून म्हटलं जाऊन बघावं." तिनं डबा बाकावर ठेवला. "आता काय म्हणत होतात तुम्ही?"

"काय म्हणजे? घरातलंच. देवीचं."

"ते?" तिनं विचारलं. "मला वाटलं कुणाशी भांडताय."

"अगं, माप आहे ते. पाच श्लोक, चाळीस सेकंद."

"तुमचे पाच श्लोक? या वेगानं म्हटले तर माझा पाक कच्चा राहील. तिसऱ्या श्लोकात तर तुम्ही श्वासच घेतला नाहीत, नि चौथा निम्मा गिळलात."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. चार वर्षं "भात?" विचारणारी बाई मला पाठ शिकवत होती. तिला गप्प करावं म्हणून मी म्हणालो, "मग म्हण तूच. मी वजन ठेवतो."

"इथं?"

"कोणी नाही. सगळे सोए पड़े हैं. का देवीला चालायचं नाही लोखंडापुढं?"

"न चालायला काय झालं, तिच्या हातात सगळं लोखंडच आहे," ती म्हणाली. तिनं पेट्रोलचा रिकामा डबा उलटा केला, फडक्यानं पुसला, माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि बसली. "ठेवा."

मी पहिल्या टॅपेटवर वजन ठेवलं. तिनं सुरुवात केली.

देवा, किती हळू! दुसऱ्या ओळीलाच माझे पाय वळवळायला लागले. पुढचं सगळं मला पाठ होतं, माझी जीभ पुढं धावत होती, आणि ती बाई प्रत्येक शब्द जिथल्या तिथं ठेवत चालली होती. पहिला टिकला. दुसरा टिकला. तिसऱ्यावर ती तिसऱ्या श्लोकाच्या मध्यावर असताना दट्ट्या सर्रकन खाली बसला.

"बसला! पुरे, पुरे, थांब!" मी ओरडलो.

ती थांबली नाही. तिनं उरलेला श्लोक, मग चौथा, मग पाचवा, सगळं त्याच चालीनं पुरं केलं, हात जोडले, आणि मग म्हणाली, "अर्धवट सोडायचं नसतं. पुढचा ठेवा."

म्हणजे फसलेल्या टॅपेटपुढंही मला शेवटपर्यंत बसून राहावं लागणार होतं. करायला काही नाही, मोजायला काही नाही. आधी मी दात-ओठ खाल्ले. सातवा फसला तेव्हाही चुळबुळलो. आठवाही गेला, आणि तेव्हा मला कळलं की मी ऐकतोय. तिचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, जरासा खरखरीत, आणि ओळ संपताना ती किंचित वर जाते, हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षांत तिचा आवाज मी इतका वेळ सलग कधी ऐकलाच नव्हता. ही माझी बायको आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

सोळा झाले. तीन, सात, आठ आणि चौदा नंबरचे फसले. मी धावतपळत पाठ म्हणत होतो आणि गळके टॅपेट माझ्या मापात पास होत होते, एवढी साधी गोष्ट होती. जितका घाबरा झालो, तितका वेग वाढला, आणि तितके ते जास्त चांगले ठरले.

चारही उघडले, भिंग लावलं. तिसऱ्यात गोळीच्या बैठकीवर एक बारीक पांढरा धागा होता. सातव्यात धागा, चौदाव्यातही धागा.

"हा कसला?" तिनं लांबूनच वाकून विचारलं.

"माझ्या जुन्या धोतराचा," मी म्हणालो. पेट्रोल वाऱ्यावर आपोआप सुकू द्यायचं असतं, पुसायचं नसतं, हे पुस्तकात लिहिलं होतं आणि मी वाचलंही होतं. पण सुकायची वाट कोण बघणार? मी आपलं धोतराच्या तुकड्यानं पुसून मोकळा झालो होतो.

ती हसली. तोंडावर पदर घेऊन, पण चांगली खळखळून हसली. मलाही हसू आलं.

चारही पुन्हा धुतले, उन्हात लावलेल्या जाळीवर ठेवले, आणि आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. तिनं डबा उघडला. मी बाकावर बसून जेवलो, ती पेट्रोलच्या डब्यावर बसून बघत होती. तिनं अमृतराव घाटावरच्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या, मी मुन्शीजींची नक्कल केली. मग तिनं पुन्हा चारदा स्तोत्र म्हटलं. तिघे टिकले, आठवा पुन्हा गेला. त्याच्यात धागा नव्हता, जळक्या तेलाचं लाखेसारखं पिवळं पुट होतं. बांबूच्या काडीनं ते हलकेच खरवडलं, धुतलं, सुकवलं. तिनं आणखी एकदा म्हटलं आणि तोही टिकला.

"उद्या सकाळी गंगेवरून येताना ये," मी म्हणालो. "मुन्शीजी सातला येतील. इथं पडद्याआड उभी राहा. तुझ्या कानांनी ऐक."

"येईन," ती म्हणाली, आणि मामंजी उठायच्या आत पोचायचं म्हणून भरभर निघून गेली.

सकाळी ती आली. ओलं लुगडं, हातात पाण्याचा लोटा. पडद्याआड गेलेली मी पाहिली. मुन्शीजी आले, दीनानाथबाबू आले, मी इंजिन सुरू केलं. पाच मिनिटं गेली, आठ, दहा, पंधरा. इंजिन चालू आहे की बंद हे बघायला मुन्शीजींनी पंख्याकडे पाहिलं, इतकं ते शांत चाललं होतं.

"वाह," ते म्हणाले. "सारे टैपेट दोबारा जाँचे?"

"जी हुजूर, एक-एक करके."

"घड़ी तो है नहीं तुम्हारे पास. समय कैसे नापा?"

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. घरवालीनं मोजलं, एवढंच. पण दीनानाथबाबू बघत होते, चार मिस्त्री हातातली कामं टाकून जमले होते, आणि बायको कारखान्यात बसून श्लोक म्हणत होती आणि पंडित वजनं ठेवत होता, हे ऐकून ते पोट धरधरून हसले असते. मुन्शीजींना मिस्त्री हवा होता, मिस्त्रीची बायको नव्हे. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. विचार मी केलाच नाही.

"अंदाज़ है, हुजूर," मी म्हणालो. "बरसों का हाथ है."

"ये हुई न बात! गाड़ी आज चार बजे निकलेगी. तुम्हीं ले चलो, वहीं रह जाओ. एक घड़ी भी दिलवा देंगे रियासत से. हाँ, बाल-बच्चों के लिए अभी कोठरी नहीं है. उनको बाद में बुला लेना."

"जी," मी म्हणालो. त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणालो.

मग मी पडद्याआड धावलो. तिथं कोणी नव्हतं. पेट्रोलचा डबा सुलटा करून जागेवर ठेवलेला होता.

घरी ती दालानात माझं पान वाढून उभी होती. मी जागा मिळाली म्हणून सांगितलं, घड्याळाचं सांगितलं, पाच मोटारींचं सांगितलं, बांधाबांध करता करता सांगत राहिलो. तिनं वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. मुन्शीजींपुढं काय बोललो, तो विषय मी टाळला. मोटार चारला काढायची होती, उशीर होत होता, आणि त्या दिवशी त्या उशिराचा मला आधारच वाटला.

कोठरी मिळायला दीड वर्ष लागलं. मध्ये बेचाळीसचा ऑगस्ट आला, रूळ उखडले, पत्रंही पोचेनात. शेवटी ती आली. तिनं संसार मांडला. आम्ही एका खोलीत, एका पंक्तीत जेवायला लागलो. ती वाईट वागली असं कधी झालं नाही. स्तोत्र मात्र ती मनातल्या मनात म्हणायची. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

पुढं दोन वर्षांनी त्याच गाडीचं इंजिन मी पुन्हा उघडलं. टॅपेट धुतले, वाऱ्यावर सुकवले, सोळा भोकांच्या फळीवर लावले. दुपारची वेळ होती, मोटारखाना रिकामा होता. मी एक खुर्ची पुसून बाकाजवळ ठेवली आणि तिला बोलवायला गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"चल ना जरा," मी म्हणालो. "टॅपेट तपासायचेत. तू म्हण, मी वजन ठेवतो."

"तुमच्याजवळ घड्याळ आहे ना?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं.

"कालिंदी, त्या दिवशी मुन्शीजींना मी..."

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला आणि सूप जवळ ओढलं.

मी परत आलो. मनगटावरचं घड्याळ काढून बाकावर ठेवलं, पहिल्या टॅपेटवर वजन ठेवलं आणि सेकंदकाट्याकडे बघत बसलो. सोळाच्या सोळा टॅपेट टिकले. ती खुर्ची रिकामीच होती, आणि प्रत्येक वेळी चाळीस सेकंद मला संपता संपत नव्हते.